नथ्थूजींच्या घरातली नंबरवाली

रांगेत कोणी ओळखीने तुम्हाला पुढे घेतलं, तर तुम्ही परत मागे जाता का? खरं सांगा. वीज कचेरीतला बाबू तुमच्याच गावचा निघाला, गॅस एजन्सीतल्या माणसाने मान हलवून "या इकडून" म्हटलं, तर तुमचे पाय अडखळतात का? मी आजवर असं मागे जाणारं माणूस एकच पाहिलं. ते आपल्या जिल्ह्याचं नव्हतं, आपल्या देशाचंही नव्हतं.

ती एस्टोनियाची होती. कापसाच्या पडत्या वर्षांत ती यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, आमच्या शेजारच्या घरी भाड्याने राहायला आली. उंच, हाडकुळी, उन्हाने लाल झालेल्या नाकाची. बाराही महिने हातात पुरुषी काळी छत्री. गोरी असल्यामुळे कुठल्याही खिडकीवर लोकच तिला पुढे ढकलायचे. म्याडम, तुम्ही कायले उभ्या राहता, तुम्ही या. ती जायची नाही. पुढे उभ्या असलेल्या बाईकडे हात करून म्हणायची, "यांचा नंबर माझ्याआधी आहे." त्या बाईलाच लाज वाटायची. बाबूही चिडायचा, कारण त्याला गोऱ्या बाईशी बोलायचं असायचं आणि खिडकीत यायची लुगड्यातली म्हातारी. तासाभराचं काम असं दिवसभर चालायचं. चौकातल्या पानठेल्यावर कोणीतरी तिचं नाव 'नंबरवाली' ठेवलं. ठेवलं होतं चिडवायला. पुढे लोक तेच मायेने म्हणू लागले.

तिचं खरं नाव केर्तू. आमच्या गल्लीने आल्या आल्या त्याची कीर्ती करून टाकली. तिची त्याला हरकत नव्हती. "बोलताना काहीही म्हणा, कागदावर मात्र माझंच नाव लिहा," एवढीच तिची अट. मराठी ती पुण्यात शिकून आली होती, म्हणून तिचं बोलणं इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं होतं. वर्षभरात घरी तिच्या तोंडी अधूनमधून मले-तुले येऊ लागलं, पण सरकारी खिडकीसमोर उभी राहिली की पुन्हा ती इस्त्री.

ती आली होती झरी जामणीकडच्या पोडांवर काम करायला. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. तिथल्या म्हाताऱ्या बायांचं कोलामी बोलणं तिला रेकॉर्ड करून ठेवायचं होतं. पोरं शाळेत मराठी शिकतात, बाजारात मराठी आणि तेलुगू बोलतात, आणि आजीचे शब्द आजीबरोबर मातीत जातात. ती एसटीने पांढरकवड्याला जायची, तिथून पुढे मिळेल त्या गाडीने. तीन-चार दिवस पोडावर राहून परत यायची. मी एकदा विचारलं, इतक्या लांबून एवढ्याशा भाषेसाठी कशाला? ती म्हणाली, माझी भाषा बोलणारे सगळे लोक तुमच्या एका जिल्ह्यात आणून बसवले, तरी अर्धा जिल्हा रिकामा राहील. एवढ्याशा भाषेचं दुःख मला सांगावं लागत नाही.

हे कचेरीत कोणाला पटायचं नाही. त्या वर्षांत गोरं माणूस यवतमाळला यायचं कारण एकच असायचं. गाड्या यायच्या, कॅमेरे उतरायचे, एखाद्या बाईला नवऱ्याच्या फोटोशेजारी उभं करायचे आणि संध्याकाळी नागपूरहून विमान पकडायचे. त्यामुळे प्रत्येक टेबलावर तिला पहिला प्रश्न तोच: आत्महत्यांवर लिहायला आल्या का? ती म्हणायची, नाही, मी भाषेसाठी आले. लगेच समोरच्याच्या चेहऱ्यावर संशय. मरण बघायला आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे खुर्ची मिळत होती. शब्द ऐकायला आलेल्या पाहुणीला कोणत्या खुर्चीत बसवावं, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

तिची घरमालकीण म्हणजे इंदूकाकू. काकूंचा नवरा कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होता. आधी जिन बंद पडली, मग दोन वर्षांत नवरा गेला. काकू एमआयडीसीतल्या कामगारांना डबे करून द्यायच्या. घर दोन खोल्यांचं, मागची खोली त्यांनी हिला दिली. दारावरची पाटी, घरपट्टीची पावती, लाइटचं बिल, सगळीकडे एकच नाव: नथ्थूजी. हे काकूंचे सासरे. त्यांना जाऊन कैक वर्षं लोटली होती, पण वीज कचेरी दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल पाठवायची, आणि काकू ते डब्यांच्या पैशांतून भरायच्या.

आता चक्र कसं होतं ते सांगते. गॅस एजन्सी म्हणाली, लाइटचं बिल आणा किंवा रेशनकार्ड आणा. वीज कचेरी म्हणाली, मीटर मालकाच्या नावावर आहे, मालकाशी केलेला भाडेकरार आणा. मालक वर गेलेला. बँक म्हणाली, गॅसचा किंवा फोनचा कागद आणा. फोनवाले म्हणाले, बँकेचं पासबुक आणा. आणि पोलीस कचेरीतल्या परदेशी नागरिकांच्या टेबलावर दर वर्षी तिची राहण्याची परवानगी वाढवून घ्यायची असायची. तिथे म्हणाले, यांपैकी काहीही आणा, पण तुमच्या पत्त्याचं आणा. पहिल्या वर्षी पुण्याच्या पत्त्यावर भागलं होतं. आता भागणार नव्हतं. परवानगी वाढली नाही तर पोडावरचं काम अर्धं टाकून तिला मायदेशी जावं लागणार होतं, आणि पोडावरच्या आज्या कोणत्याही परवानगीसाठी थांबणाऱ्या नव्हत्या.

एक दिवस सकाळी ती काकूंच्या रांगोळीच्या डब्यासमोर बसली आणि अंगणात हे सगळं काढलं. गॅस, लाइट, बँक, फोन, आणि एकातून दुसऱ्यात जाणारे बाण. काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हे तं रांगोळीच झाली व. यातून बाहीर कोठून निंगते?"

"निघत नाही, काकू."

"मंग मधात हळदीकुंकू टाक अन् सोड," काकू म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला आत गेल्या.

तिला राग येत नसे असं नाही. पण तो आवाजात उतरत नसे. बाबू म्हणाला, साहेब नाहीत, तर ती म्हणायची, "बरं, उद्या येते." आणि उद्या यायची. परवाही यायची. आरडाओरडा करणाऱ्याला हाकलायची आमच्या कचेऱ्यांना सवय आहे. रोज शांतपणे येऊन त्याच बाकावर बसणाऱ्या बाईचं काय करायचं, ते त्यांना कळेना. एकाच गोष्टीवर ती अडून बसायची. अर्जावर कोणी राष्ट्रीयत्व 'रशियन' लिहिलं, की अर्ज उलटा फिरवून परत त्याच्यापुढे सरकवायची. "रशिया नाही. एस्टोनिया." बाबू म्हणायचा, म्याडम, तिकडचंच ना सारं, काय फरक पडते? तेव्हा ती विचारायची, "तुम्हाला कोणी पुणेकर म्हटलं तर?" बाबू गुपचूप खोडायचा.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरी चौदा एप्रिलची पत्रकं, संपाची पत्रकं, धरणग्रस्तांची पत्रकं गठ्ठ्यांनी पडलेली असत आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. साहजिकच तिच्या प्रश्नावरही मी पत्रक लिहिलं. 'कागदशाहीचा धिक्कार असो' असा मथळा होता. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, छान आहे, पण यात माझ्या मागे उभ्या असलेल्या बायका कुठे आहेत? त्या तर माझ्यापेक्षा जास्त दिवसांपासून येतात. मी म्हटलं, पत्रक तुमच्यासाठी आहे. ती म्हणाली, मग ते लहान आहे.

मदत करायला मात्र सगळा लोहारा तयार होता. हे मला आमच्या माणसांबद्दल अभिमानाने सांगायचं आहे. पानठेलेवाल्याने स्वतःच्या नावावरचं सिमकार्ड देऊ केलं. माझ्या आत्याच्या नावाचा गॅस रिकामाच पडून होता, तो बाबांनी देऊ केला. काकूंच्या रेशनकार्डावर रॉकेल मिळायचं, त्यातला वाटा काकूंनी काढून ठेवला. आमच्याकडे सगळं असंच चालतं. मीटर मेलेल्याच्या नावावर, शेत आजोबाच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या नावावर. ज्याचं नाव असतं तो वापरत नाही, जो वापरतो त्याचं नाव नसतं, आणि कोणाचं काही अडत नाही.

ती सगळ्यांचे आभार मानायची आणि काहीच घ्यायची नाही. लोडशेडिंगमध्ये रेकॉर्डर चार्ज करायला बाबांच्या छापखान्यात यायची, जेवण काकूंच्या डब्याचं, चहा काकूंच्या चुलीवरचा. पण दुसऱ्याच्या नावाचा गॅस नको. काकूंना हे खुळ वाटायचं. "नाव कायले पाहिजे व पोरी? भाजी शिजली म्हंजे झालं," त्या म्हणायच्या.

त्यावर तिने एकदाच उत्तर दिलं. अंगणात बसून आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. ती म्हणाली, "रशियन राजवट आली आणि माझ्या आजीने बांधलेल्या घरावर दुसऱ्यांनी त्यांचं नाव लावलं. मग आजीला त्याच घरात राहायची परवानगी मागावी लागली. तिने मागितली. पण आयुष्यभर ती त्या घरात पाहुण्यासारखी पाय आखडून बसली."

काकू शेंगा सोलत राहिल्या.

परवानगीची तारीख जवळ आली तेव्हा घोळ झाला, आणि तो दुष्टपणाने झाला नाही, चांगुलपणाने झाला. ती पोडावर गेलेली होती. काकूंच्या जिवाला घोर. त्या परस्पर ग्रामपंचायतीत गेल्या आणि ग्रामसेवकाला म्हणाल्या, भाऊ, पोट्टीले राह्याचा दाखला द्या. ग्रामसेवक भला माणूस. त्याने विचार केला: भाडेकरू लिहावं तर करार लागेल, करार लिहावा तर मालक लागेल, मालक नथ्थूजी. घरच्या माणसाला मात्र करार लागत नाही. म्हणून त्याने तिला घरचं करून टाकलं. दाखल्यावर लिहिलं: सदर महिला ही मयत नथ्थूजी यांच्या कुटुंबातील सदस्य असून नात्याने नात लागते. शिक्का मारला. काकूंना वाचता येत होतं ते बसवरच्या पाटीपुरतं. त्यांनी तो दाखला पदरात बांधला, पोलीस कचेरी गाठली आणि परदेशी टेबलावर देऊन आल्या. घरी येऊन त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

दोन दिवसांनी ती परतली. दाखल्याची नक्कल काकूंनी कौतुकाने तिच्या हातात दिली. तिने वाचली. मी तिथेच होते. तिचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता.

"काकू, हे खोटं आहे."

"खोटं कायचं व? घरातच तं राहून राह्यली तू."

ती काकूंजवळ खाली बसली. दाखल्यात काय लिहिलंय आणि पोलीस त्याचा काय अर्थ लावतील, हे तिने त्यांना सावकाश समजावलं. रागावली नाही. काकूंचा हात मात्र तिने घट्ट धरून ठेवला होता, तो कोणाला आधार द्यायला होता ते मला सांगता येणार नाही.

बोलावणं आलंच. आम्ही तिघी गेलो. टेबलामागचे साहेब सभ्य होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी फाइल उघडून वाचलं, "राष्ट्रीयत्व रशियन. लोहाऱ्याच्या मयत इसमाची नात."

"एस्टोनियन," ती म्हणाली. "आणि नात नाही, भाडेकरू."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खोटा कागद दिल्यावरून काय काय होऊ शकतं ते त्यांनी सांगितलं. ती ऐकत राहिली. ग्रामसेवकाचं नाव तिने एकदाही पुढे केलं नाही, काकूंकडेही बोट दाखवलं नाही. शेवटी काकूच उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, साहेब, कागद मी आणला. तिले माहीतच नोहतं. ती तं पोडावर गेलती. चूक माह्यी हाय.

साहेब थोडे विरघळले. ठीक आहे, म्हणाले, हा दाखला मी परत पाठवतो. घरमालकाने यावं, भाडेकरार करावा, मालकीचा कागद जोडावा. मालक कोण?

"मी," काकू म्हणाल्या.

"कागद?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या घराची जमीन शेणाने सारवणाऱ्या, कौलं फिरवणाऱ्या, घरपट्टी भरणाऱ्या, नवऱ्याला आणि सासऱ्याला तिथूनच शेवटचं बाहेर काढताना पाहणाऱ्या इंदूकाकूंकडे ते घर त्यांचं असल्याचा एकही कागद नव्हता. साहेबांच्या लेखी त्या घरात दोन बायका राहत होत्या आणि दोघीही बिनपत्त्याच्या होत्या. एकीकडे निदान पासपोर्ट होता.

परतताना ऑटोत काकू म्हणाल्या, एवढी वर्सं झाडून राह्यली मी ते घर, पण कोनाचं हाय म्हून मले कोणी इचारलंच नाही. अन् म्याही नाही इचारलं.

त्यांचे दीर पुसदला कापडाचं दुकान चालवत. घर काकूंच्या नावावर करायचं तर त्यांची संमती लागणार होती. काकूंनी आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. संमतीपत्र लिहून घेऊन आम्ही तिघी एसटीने पुसदला गेलो. रस्ताभर काकू एकच वाक्य ओठांत घोळवत होत्या आणि दर फाट्याला ते बदलत होत्या.

दिरांनी आदराने बसवलं. पोहे आले, चहा आला. गोऱ्या पाहुणीकडे बघायला शेजारची दोन घरं दारात जमली. काकूंनी विषय काढला, तेव्हा दीर हसले. वाईट हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, घर तुमचंच हाय. मी कधी नाही म्हटलं? कागदावर कायले पाहिजे? घरातल्या घरात कागद आला का मनं फाटतात."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे उत्तरं तयार होती, चांगली दोन पानं भरतील एवढी. पण शेजारी बसलेल्या नंबरवालीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

काकू म्हणाल्या, "भाऊजी, तोंडानं माह्यं हाय, तं कागदावर काहून नाही?"

दीर म्हणाले, दिवाळीनंतर पाहू. काकू म्हणाल्या, दिवाळ्या लय झाल्या. दीर म्हणाले, बापाचं नाव पुसायले सांगता काय वहिनी? काकूंचा हात कपाळाकडे गेला, पदर सारखा करायला, आणि तिथेच राहिला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात काकूंची जाऊ मंदा स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. ती इतका वेळ आत भांडी लावत होती. हात पुसत नवऱ्याला म्हणाली, "करून द्या सही. उद्या तुमच्यामागं मलेही कोणी इचारन, कागद कोठी हाय म्हून. तवा मी कोनाच्या दारात जाऊ?"

दिरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, आणा. सही करून झाल्यावर त्यांनी पोह्यांची दुसरी ताटली काकूंपुढे सरकवली आणि म्हणाले, घ्या वहिनी, एसटीत भूक लागन.

परत येताना मी नंबरवालीला विचारलं, मला बोलू का दिलं नाही? तिने सरळ सांगितलं: ती आपली रांग नव्हती. काकूंचा नंबर होता. कितीतरी वर्षांनी आलेला.

मला इथे लिहायला आवडलं असतं की पुढे सगळं भराभर झालं. तसं झालं नाही. वारसाची नोंद म्हणजे आधी अर्ज, मग हरकतींसाठी चिकटवलेली नोटीस, मग मासिक सभा, मग ती तहकूब, मग पुढची. दर खेपेला काकू आणि ती दोघी जायच्या, बाकावर बसायच्या. आता काकूही कोणी पुढे बोलावलं तर जात नसत. पण परवानगीची मुदत कोणत्याही मासिक सभेची वाट पाहत नाही. साहेबांनी जमेल तेवढं लांबवलं आणि एक दिवस वरून उत्तर आलं की यापुढे नाही.

शेवटचे दिवस तिने पोडावर काढले. एका आजीकडून ती बी साठवण्याचं सगळं बोलणं उतरवत होती, कणगीच्या भागांची नावं, किडीची नावं, राखेच्या प्रकारांची नावं. ते अर्धंच झालं. रेकॉर्डिंगच्या नकला तिने तिथल्या शाळेच्या गुरुजींकडे ठेवल्या आणि वहीत, जिथे काम थांबलं तिथे, पुढे काय विचारायचं ते लिहून ठेवलं. त्यांना म्हणाली, कोणी तुमच्यातलं करेल तर जास्त चांगलं करेल. मी कोलामी ऐकून शिकले. तुमच्यात ती मांडीवर शिकलेली पोरं आहेत.

यवतमाळच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीत बसवायला आम्ही गेलो. काकूंनी ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. ती काकूंच्या पाया पडायला वाकली, तर काकूंनी तिला मधेच धरलं आणि म्हणाल्या, नातीसारखी नको पडू, भाडेकरू हाय तू. दोघी हसल्या. मग दोघींनाही हसू टिकवून धरता येईना, आणि कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतून तिने मला शेवटचं सांगितलं ते एवढंच: "पत्रक मोठं कर."

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी घर काकूंच्या नावावर झालं, आणि मीटरही. पहिलं बिल आलं तेव्हा काकू ते घेऊन आमच्याकडे आल्या. वाच म्हणाल्या. मी आकडा वाचला. आकडा नको, म्हणाल्या, नाव वाच. मी वाचलं. अजून एकदा, म्हणाल्या. त्यांनी ते बिल भरलं, पावती आणली, आणि त्या आठवड्यात झरी जामणीकडून नर्सिंग शिकायला आलेल्या एका कोलाम मुलीला मागची खोली दिली. त्या मुलीलाही वसतिगृहापासून बँकेपर्यंत सगळीकडे यवतमाळचा पत्ता विचारत होते. काकूंनी तिला भाडेकरार करून दिला. मालकाच्या जागी त्यांनी सही केली, अंगठा नाही. सही त्या माझ्याकडून शिकल्या होत्या आणि ती करायला त्यांना फार वेळ लागायचा. समोरचा वकील घड्याळ बघत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

हे त्या मोठ्या पत्रकातलं पहिलं पान समजा. मोर्चाला या म्हणत नाही, वर्गणीही मागत नाही. एकच काम सांगते आणि ते आज करा. घरी जा, ट्रंकेतून घराचा, शेताचा, मीटरचा कागद काढा. त्या घरात जी बाई राबते, आई असेल, वहिनी असेल, बायको असेल, तिला समोर बसवा आणि कागदावरचं नाव तिला मोठ्याने वाचून दाखवा. मग गप्प बसा आणि ती काय म्हणते ते ऐका. आणि ती म्हणेल ते नाव उद्या सकाळी तिच्यासोबत जाऊन लावून घ्या.